आंबिलीचा पंचनामा

माझी आई मला कधीही वेडंवाकडं बोलत नाही. हे वाक्य मी तक्रार म्हणून लिहितो आहे, याची वाचकांनी कृपया नोंद घ्यावी.

ज्यांना आमच्या आईची जीभ माहीत नाही, त्यांना हे दुःख कळायचं नाही. मथुराबाईंचं वय ऐंशीच्या पुढं गेलंय; किती पुढं, यावर तिचं आणि आधार कार्डाचं एकमत नाही. दात गेले, गुडघे गेले, डावा कान अर्धामुर्धा गेला. जीभ मात्र नव्याकोऱ्या विळ्यासारखी शाबूत आहे. धाराशिवच्या आमच्या गल्लीत तिच्या तावडीतून सुटलेला माणूस नाही. दूधवाल्याला ती 'मृग' म्हणते, कारण तो आला की पाणी आलंच. एखाद्या दिवशी तो लवकर टपकला की विचारते, "काय रं मृगा, औंदा येळेच्या आधीच लागलास?" शेजारचे बाबूराव हे निवृत्त मुख्याध्यापक. ते बोलायला येतात, दारात उभे राहतात, पाऊण तास आत येत नाहीत आणि पाऊण तास जातही नाहीत. त्यांचं नाव 'उंबऱ्याचा देव'. हे ती त्यांच्या तोंडावर म्हणते आणि बाबूराव दुसऱ्या दिवशी हौसेनं पुन्हा उंबऱ्यावर प्रकट होतात.

माझी पत्नी प्रेमला आईला आत्याबाई म्हणते आणि आई तिला 'कलेक्टरीणबाई' म्हणते. मध्यंतरी प्रेमला वरणात मीठ घालायला विसरली. पहिल्याच घासाला आई म्हणाली, "कलेक्टरीणबाई, जिल्ह्यात मिठावर बंदी आणलीसा व्हय? दवंडी तरी द्यायची!" त्यावर दोघी इतक्या हसल्या की प्रेमलाला ठसका लागला आणि आईनं तिच्या पाठीत दोन धपाटे घातले. जेवण संपेपर्यंत त्या मिठावरून चाललं होतं. मी समोर बसून अळणी वरण खात होतो.

आता माझं ऐका. त्याच आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा हौसेनं आईसाठी चहा केला आणि साखरेऐवजी मीठ घातलं. दोन चमचे. आईनं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "छान झालाय महारुद्र. दमला असशील. बस जरा."

महारुद्र! लग्नपत्रिकेत छापतात तसं पूर्ण नाव. गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्या लेखी टोपणनावाची मानकरी आहेत. मला मात्र सौजन्य. आणि मी कोण? पाटबंधारे खात्यातली नोकरी सांभाळून ज्यानं जिल्ह्याच्या एका दैनिकात तीसेक वर्षं दर रविवारी विनोदी सदर लिहिलं, आमदारापासून आमसभेपर्यंत कुणाला सोडलं नाही, तो माणूस. नोकरीतून निवृत्त झालो, सदरातूनही झालो. दिवसभर घरात असतो. आणि घरात जी खरी मैफल चालते तिथं मला पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवतात.

हे मी चालवूनही घेतलं असतं. पण एक दिवस समोरच्या गौराबाई आईजवळ शेंगा फोडत बसल्या होत्या आणि मी आतल्या खोलीत, ऐकत नव्हतो असं नाही.

"मथुराबाई, तुमचा ल्योक कसा वो? आता घरीच असतेत."

"चांगला हाय की," आई म्हणाली. "काय तरास न्हाई. तुळजापूरला लॉजवर म्यानेजर असतो का न्हाई, तसा हाय. पाणी आलं का, चादर पायजे का, एवढं इचारतो अन् जातो."

"अन् बोलत न्हाईत व्हय?"

"बोलतो की. 'गोळी घेतलीस का' म्हणतो."

माझा अपमान झाला असता तर मी समजू शकलो असतो. हे तर नुसतं वर्णन होतं. आणि वर्णनात चूक काढायला जागा नव्हती, हे एक लेखक म्हणून मला मान्य करावं लागलं. त्याच क्षणी मी ठरवलं, की आईशी नातं जवळचं करायचं. तिनं मला निदान एकदा तरी, मनापासून, चारचौघांत नावं ठेवली पाहिजेत.

अशा कामात सल्ला लागतो आणि सल्ला म्हटलं की उंबऱ्यावर बाबूराव असतातच. "महारुद्रराव, हा संवादाचा अभाव आहे," ते चौकट धरून म्हणाले. "आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मुक्त प्रश्न विचारायचे. ज्यांचं उत्तर हो-नाही असं येणार नाही, असे. समोरचा माणूस फुलासारखा उमलतो." बाबूरावांनी सेवेत किती फुलं उमलवली याची मला कल्पना नव्हती, पण माझ्याकडं दुसरा उपाय नव्हता.

संध्याकाळी आई हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. मी खुर्ची सोडून तिच्याजवळ खाली फरशीवर बसलो. इथंच तिला पहिला संशय आला असावा. मी शक्य तितक्या मुक्तपणे विचारलं, "आई, तुझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण कोणता?"

आईचा हात थांबला. "महारुद्र, रिपोर्ट आला का?"

"कसला रिपोर्ट?"

"खरं सांग बाळा. डॉक्टर काय म्हणला?"

"काही नाही गं. मला फक्त तुझ्याशी मोकळेपणानं बोलायचंय."

या वाक्यानं घात केला. आमच्या भागात साठी उलटलेला मुलगा आईशी मोकळेपणानं बोलायला बसला, तर त्याला एक तर जमिनीची वाटणी पाहिजे असते, नाही तर तो फार दिवसांचा सोबती नसतो. मला भाऊ नाही. त्यामुळं वाटणीचा प्रश्नच नव्हता. उरलं ते आईनं ताबडतोब ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढं खारीक घातलेलं दूध आलं. दुपारपर्यंत गौराबाई तांब्याभर गुळवेलीचा काढा घेऊन आल्या आणि मी तो पिईपर्यंत माझ्याकडं अशा नजरेनं बघत राहिल्या, की मलाच माझा पुळका आला. मग गल्ली आली. प्रत्येक जण "काही नाही, सहज आलो" म्हणत होता आणि माझा रंग बघत होता. मी कितीही सांगितलं की मी ठणठणीत आहे, तरी "असंच असावं. हिंमत पाहिजे" एवढंच उत्तर मिळायचं. तिसऱ्या प्रहरी वडिलांचे जुने स्नेही चन्नबसप्पा उमरग्याहून एसटीनं सफरचंदं घेऊन आले. माझ्या पायापाशी बसून त्यांनी पाय चेपायला घेतले.

"घाबरू नगं महारुद्रप्पा," ते म्हणाले. "माणूस काय, आज हाय, उद्या न्हाय. तुझा बाप बी असाच बसल्याबसल्या गेला. लई सुखाचं मरान." एवढं सांत्वन करून त्यांनी आणलेलं एक सफरचंद स्वतःच कापून खाल्लं.

शेवटी प्रेमलानं सगळ्यांना जमवून खरं काय ते सांगितलं. यांना काही झालेलं नाही, यांना आईशी नातं सुधारायचंय. गल्लीची जरा निराशा झाली. आईनं हात जोडले आणि म्हणाली, "येडाईनं ऐकलं." येडाई म्हणजे येरमाळ्याची येडेश्वरी. तिला नवस बोलून झाला होता. अशा रीतीनं मला न झालेला आजार देवीच्या कृपेनं बरा झाला, आणि आई माझ्याशी पूर्वीपेक्षाही गोड वागू लागली.

पण जाता जाता चन्नबसप्पांनी एक लाखमोलाची गोष्ट सांगितली. "आरं, आईला काय प्रश्न इचारतोस? ती काय कोर्टात हाय का? येळवस आलीय. शेतात येळवस कर. मथुराबाई कोपीपुढं बसली की तिला बोलवावं लागत न्हाई, थांबवावं लागतंय."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडं गावंच्या गावं ओस पडतात, कारण झाडून सगळी माणसं शेतात असतात. कडब्याची कोपी, खोपटंच ते, करायची, आत पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले दगड मांडायचे, पूजा करायची आणि मग पानावर भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. सोबत आंबील, म्हणजे ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवलेलं, लसूण-कोथिंबीर लावून मुरत ठेवलेलं प्रकरण. निमंत्रण असं कुणाला नसतं. दिसेल त्याला "या शेतात" म्हणायचं. आमचं रान येरमाळ्याजवळ आहे, चुलतभाऊ बलभीम ते कसतो. वडील गेल्यापासून आम्ही येळवशीला दुसऱ्यांच्या शेतात जेवत आलो होतो. मी जाहीर केलं: यंदाची येळवस आपल्या रानात, आणि सगळी व्यवस्था माझ्याकडं.

"बरं," आई म्हणाली. "तुझ्या मनाला यील तसं."

आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात जे चाललं होतं, त्याला मी दाराआडून साक्षीदार आहे. आई पाटावर बसून हुकूम सोडत होती आणि प्रेमला व गौराबाई पळत होत्या. "गौरे, उंडा हाय का क्रिकेटचा चेंडू? पांडवाचं डोकं फोडतीस का?" "कलेक्टरीणबाई, भज्जीत चिंच टाका, सही करून टाका पायजे तर!" तुरीच्या शेंगांचे दाणे, वाल, हरभऱ्याची कोवळी भाजी, गाजर, बोरं, शेंगदाणे, सगळ्यांना तिनं नावानिशी झापलं आणि सगळे बेसनात गुमान एक झाले. कुठं किती आंबट, किती तिखट, हे ती वासावरून सांगत होती. दोन बायका आणि एक शेगडी एवढ्यावर तिनं साऱ्या गल्लीला पुरेल एवढं रांधलं, आणि एवढं करून वर हसवत होती. मला वाटलं, आपणही मध्ये लुडबुड करावी म्हणजे एखादा शब्द आपल्याही वाट्याला येईल. मी मुद्दाम पिठाचा डबा लवंडला.

"असू दे महारुद्र," आई म्हणाली. "लागलं तर न्हाई ना? जा, बाहेर वाऱ्याला बस."

आंबील मडक्यात होती, वर पातळ फडकं बांधलेलं. रीत अशी, की आंबिलीचं मडकं घोंगडीत गुंडाळून डोक्यावरून शेतात न्यायचं. धाराशिवहून येरमाळ्यापर्यंत डोक्यावर मडकं घेऊन चालेल असा माणूस आमच्या घरात नव्हता. गाडीत मडकं हिंदकळणार. मी विचार केला आणि बाजारातून एक मोठा प्लॅस्टिकचा कॅन आणला. फिरकीचं झाकण, आत रबर, हवा म्हणून जाणार नाही. सकाळी आईसमोरच मी त्यात आंबील ओतली.

आईनं झाकणाकडं बघितलं. "घट्ट बसवलंस का?"

"एकदम! थेंब सांडणार नाही."

"हुशार हायस," आई म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी झाकणाला आणखी एक पीळ दिला.

गाडीत पुढं मी आणि बाबूराव. बाबूरावांनी उंबरा सोडलेला मी प्रथमच बघत होतो. मागं आई आणि प्रेमला, दोघींच्या पायांत पिशव्या, आणि डिकीत आंबील. बाकी गल्ली मिळेल त्या वाहनानं मागून येणार होती. आता आमचं दुर्दैव असं, की तेव्हा नगरपालिकेच्या निवडणुकीची आचारसंहिता चालू होती. महामार्गावरच्या एका नाक्यावर पत्र्याची शेड टाकून एक पथक बसलं होतं. एक तरुण अधिकारी, एक हवालदार आणि सगळ्या तपासणीचं चित्रीकरण करणारा एक कॅमेरावाला. अधिकारी मुंबईत वाढलेले, जिल्ह्यात नुकतेच आलेले. त्यांनी अदबीनं डिकी उघडायला सांगितली.

डिकी उघडली आणि वास बाहेर आला. आंबील आणि लसूण बंद डिकीत उन्हानं तापली, की त्यांच्यात जे घडतं ते घडलं होतं.

"हे काय आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आंबील."

"म्हणजे?"

इथं प्रेमलानं उत्तर द्यायला हवं होतं. पण समोर कॅमेरा होता आणि मी लेखक. मी म्हणालो, "आंबील हे आमच्या भागातलं पारंपरिक, आंबवलेलं पेय असून..."

"आंबवलेलं?"

"किण्वन, साहेब," बाबूराव मदतीला धावले. ते विज्ञान शिकवायचे. "सूक्ष्मजीवांचं कार्य. मद्यनिर्मितीमागंही तत्त्व हेच!"

अधिकाऱ्यांनी वही उघडली. "हे कुणासाठी नेताय?"

"सगळ्यांसाठी," मी म्हणालो. "जो येईल त्याला."

"फुकट?"

"म्हणजे काय! विकत देणं आमच्यात पाप समजतात."

"येणारे लोक या भागातले मतदार आहेत?"

"जवळजवळ सगळेच," बाबूराव अभिमानानं म्हणाले. "काही तर माझे विद्यार्थी आहेत."

आंबवलेलं पेय, फुकट वाटप, मतदारांना. आम्ही दोघं सुशिक्षित माणसांनी मिळून आचारसंहितेच्या भंगाचा इतका परिपूर्ण कबुलीजबाब दिला, की अधिकाऱ्यांना पुढं विचारायला काही उरलंच नाही. हवालदार इथलाच होता. आंबील म्हणजे काय हे त्याला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. पण साहेबांच्या आधी आपल्याला काही माहीत असणं नोकरीत शोभत नाही, म्हणून तो आभाळाकडं बघत उभा होता.

पंचनामा सुरू झाला. पंच म्हणून बाबूराव आपणहून पुढं झाले. "पांढरट, फेसाळ, उग्र वासाचा द्रव," अधिकारी लिहू लागले. मी 'उग्र'ला हरकत घेतली आणि 'आंबूस' असा शब्द सुचवला. तीस वर्षं शब्दांशी प्रामाणिक राहिलेल्या माणसाला असल्या प्रसंगीही गप्प बसवत नाही. अधिकाऱ्यांनी 'उग्र'च ठेवला. मग म्हणाले, "नमुना घ्यावा लागेल. उघडा."

मी कॅन बाहेर काढला. सकाळी तो चौकोनी होता. आता चन्नबसप्पांच्या पोटासारखा गोल झाला होता. झाकण काही केल्या फिरेना. मी कॅन शेडमधल्या टेबलावर ठेवला, त्याला छातीचा आधार दिला, एका हातानं मिठी मारली आणि सगळा जीव एकवटून पीळ दिला.

स्फोट, हा शब्द मी जपून वापरतो. झाकण कॅमेरावाल्याच्या कानाजवळून गेलं आणि शेडच्या पत्र्यावर असं आदळलं, की रस्त्यापलीकडची शेळी दावं तोडून पळाली. त्यामागून आंबील निघाली. तिनं पंचनामा घेतला, पंच घेतला, अधिकाऱ्यांचा अर्धा सदरा घेतला आणि उरलेली सगळी माझ्यावर आली. नाकातोंडात ताक, कानात लसूण, पापण्यांवर कोथिंबीर. माझ्या अंगावरून आंबील ठिबकत होती.

गाडीचं दार उघडलं. आई गुडघ्यावर हात टेकत उतरली. सावकाश चालत आली आणि मला वरून खालपर्यंत एकदा बघितलं.

चष्मा पुसत अधिकाऱ्यांनी विचारलं, "आजी, हे तुमचे कोण?"

"हे व्हय?" आई म्हणाली. "नवसानं मागितल्यालं हाय. येडाईला म्हणलं व्हतं, आई, मला ल्योक दे." इथं ती थांबली. कॅमेऱ्याकडं बघितलं. "शाणा दे म्हणायचं राह्यलं."

हवालदारानं तोंडावर हात ठेवला.

"साठ वर्सं झाली, मडक्याला फडकं कशापायी बांधतेत एवढं कळंना याला. अन् पेपरात लिहून साऱ्या जिल्ह्याला अक्कल वाटत व्हता! घरात ठिवलीच न्हाई थोडी. रुद्र्या, त्वांड पुस. कढीत पडल्याल्या मांजरावानी दिसायलास."

रुद्र्या! आधी मला उचकी लागली. मग मी हसायला लागलो आणि मला ते आवरेना. मी टेबलाला धरून हसलो, मग टेबल सोडून रस्त्याच्या कडेला मातीत बसून हसलो. प्रेमला गाडीवर डोकं टेकून हसत होती. कॅमेरा इतका हलत होता, की त्या चित्रीकरणात पुढं काय दिसलं असेल देव जाणे. अखेर अधिकारी हसले.

कॅनच्या तळाशी थोडी आंबील उरली होती. आईनं पेला काढून ती त्यात ओतली आणि अधिकाऱ्यांपुढं धरली. "पिऊन बघा साहेब. चढली तर मला आत टाका. न्हाई चढली तर आमच्या रानात जेवाय या."

अधिकाऱ्यांनी हवालदाराकडं बघितलं. "आंबील हाय साहेब," हवालदार म्हणाला. "आमच्या बी घरी आज हीच हाय."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"तुमी त्या दोघांस्नी इचारलं."

अधिकारी प्यायले. थोडं थांबून पेला पुन्हा पुढं केला.

"आई हाय का तिकडं?" आईनं विचारलं.

"आहे की. रोज फोन करतो."

"काय बोलतोस?"

"हेच..." अधिकारी अडखळले. "जेवलीस का, गोळी घेतलीस का."

आईनं माझ्याकडं एक नजर टाकली. "सगळे एकाच शाळंतले," ती म्हणाली आणि बाबूरावांनी उगीचच खाली बघितलं. पंचनाम्याच्या कागदाचा एव्हाना काला झाला होता. तो दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवत अधिकाऱ्यांनी आम्हाला जायला सांगितलं.

गाडी सुरू झाल्यावर मी आरशातून आईकडं बघितलं. "तुला माहीत होतं ना, झाकण उडणार?"

"उन्हात आंबील, अन् वर घट्ट झाकण. आंधळ्याला बी कळंल."

"मग सकाळी का नाही बोललीस?"

"तुला बोलायची चोरी हाय बाबा," आई म्हणाली. "तुझ्याम्होरं कायबी गमतीचं बोललं की तू हसत न्हाईस. खिशातनं पेन काढतोस. अन् आयतवारी पेपरात यायचं. गौरी वाचून दावायची. बोलणं माझं अन् खाली नाव तुझं."

साहित्यात याला निरीक्षण म्हणतात, असं मी म्हणणार होतो. पण प्रेमला म्हणाली, "गाडी बघून चालवा."

"नावाचं काय न्हाई रं," आई पुढं म्हणाली. "ऱ्हाऊ दे तुझंच. पर माणसानं आधी हसावं तरी. म्या म्हणलं, याला आवडतच नसंल. म्हणून गोड बोलत व्हते, पावण्याला बोलतेत तसं." मग जरा वेळानं, खिडकीबाहेर बघत, "आज हसलास. तुझ्या बापावानीच हसतोस. शेळी खोकल्यावानी."

येरमाळ्यापर्यंत मला रस्ता नीट दिसत नव्हता. डोळ्यांत आंबील गेली होती.

रानात बलभीमनं झकास कोपी घातली होती. ज्वारी कंबरेच्या वर आलेली, हरभरा फुलात. पांडव मांडले, प्रेमलानं हळदीकुंकू वाहिलं, आणि पूजेला आंबील लागते हे सगळ्यांना एकदम आठवलं. मी खाली मान घातली. आईनं आपल्या पायाजवळच्या पिशवीतून एक लहानसं मडकं काढलं. वर फडकं बांधलेलं. "देवाचं येगळं ठिवलं व्हतं," ती म्हणाली. "देवाला काय हुशारी दावायची नसती." लोकांपुरती आंबील शेजारच्या दोन रानांतून न मागता आली. त्यांना बातमी आमच्या आधी पोचली होती.

मग गल्ली आली, गाव आलं, वाटेवरचे लोक आले. आई लिंबाखाली घोंगडीवर बसली होती, आणि जो कुणी जेवायला टेकेल त्याला ती नाक्याची गोष्ट सांगत होती. मी बाजूला वाढायचं काम करत ऐकत होतो. काय सांगत होती! पहिल्या पंगतीला नाक्यावर एक अधिकारी होता, दुसऱ्या पंगतीला पोलिसांची गाडी आली, तिसऱ्या पंगतीला साहेबांनी बेड्या काढल्या. पण 'आई, मला ल्योक दे' नंतर ती जी थांबायची ते प्रत्येक वेळी तेवढंच, ना अधिक ना उणं. तेवढ्यात ती भज्जीचा एक घास घ्यायची, निवांत चावायची, आणि सगळ्यांचे घास हातात थांबलेले. एवढं थांबायची छाती मला उभ्या हयातीत झाली नाही. मी पुढच्या ओळीला घाईनं पळायचो, वाचक निसटेल म्हणून. तिला कुणी निसटेल अशी भीतीच नव्हती.

फक्त एके ठिकाणी मला बोलावं लागलं. झाकण येडाईच्या डोंगरावर जाऊन पडलं, असं ती सांगू लागली.

"आई, डोंगरावर नाही. पत्र्याला लागलं."

"तू गप. तू व्हतास का तिथं?"

"मी? कॅन माझ्या मिठीत होता!"

"तुझ्या डोळ्यात आंबील व्हती. तुला काय दिसलं?" आणि लोकांकडं वळून, "असंच पेपरात बी लिहायचा. डोळं झाकून."

बाबूरावांना हसताना उंडा अडकला. मी त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

उन्हं कलायला लागली आणि बांधावरून ते अधिकारी हवालदाराबरोबर येताना दिसले. सदरा बदललेला होता. आईनं त्यांना शेजारी बसवलं, स्वतः वाढलं, खिरीवर तूप घातलं, आणि ते जेवायला लागल्यावर म्हणाली, "साहेब, सकाळी काय गंमत झाली, सांगते तुमाला." अधिकारी शहाणे निघाले. जणू काही आपण तिथं नव्हतोच, अशा चेहऱ्यानं "काय झालं आजी?" म्हणाले. सगळी पंगत पुन्हा जवळ सरकली. जेवून उठलेले लोकही परत बसले.

गोष्ट कॅनपर्यंत आली आणि आई थांबली. तिनं गर्दीत नजर फिरवली. मी भाताचं पातेलं धरून मागं उभा होतो.

"रुद्र्या, हिकडं ये. झाकण कसं उडालं, दाव ह्यांस्नी."

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. प्रेमला, गौराबाई, बलभीम, बाबूराव, निम्मं येरमाळा. माझं वय, माझी निवृत्ती, माझं सदर, सगळं मला आठवलं. मी पातेलं खाली ठेवलं, मध्ये जाऊन उकिडवा बसलो, गाल फुगवले आणि आईच्या खुणेची वाट बघू लागलो. तिनं भज्जीचा घास घेतला. निवांत चावला. माझे गुडघे दुखायला लागले, गाल फुटायची वेळ आली, तरी ती चावतेच आहे. मग तिची एक भुवई किंचित हलली, आणि मी उडालो.